डब्याचा नंबर

वाट बघण्यात आमच्या व्याह्यांचा हात धरणारा माणूस संगमनेरपासून जामखेडपर्यंत उभ्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. इतर माणसं वाट बघतात म्हणजे मनातल्या मनात चरफडत असतात, घड्याळ बघतात, मोबाईल काढतात, दुसऱ्यावर डाफरतात. मी तर डाफरतोच. आमचे व्याही मात्र वाट बघायला बसले, की लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखे ऐसपैस मांडी घालून बसतात. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात त्यांची पिठाची गिरणी आहे. चाळीस वर्षं त्यांनी अख्ख्या गावाला ओळीत बसवून ठेवलं. म्हातारपणी हौसेनं विजेवरची मोटार घेतली आणि तेव्हापासून ते स्वतः ओळीत बसले आहेत. "आजवर लोकांना लई थांबवलं," ते म्हणतात, "आता आपली पाळी हाय."

माझा धंदा संगमनेरला जुने ट्रॅक्टर घ्यायचा आणि विकायचा. बापानं मला एक सायकल दिली होती, तीही पंक्चर. तिथून इथवर आलो तो घासाघिशीच्या जोरावर. समोरच्यानं आकडा सांगितला की मी आधी हसतो, मग उठून चपला घालतो, मग दारातून परत फिरतो. या तीन पायऱ्यांत निम्मा जिल्हा मी नमवलाय. लेकीची सुपारी फोडायची बैठक ठरली तेव्हा मी आठवडाभर तयारी केली होती. मानपान, वऱ्हाडाची माणसं, लग्न कुणाच्या दारात, वाजंत्री कुणाची, प्रत्येक मुद्द्याला माझा पहिला आकडा, दुसरा आकडा आणि शेवटचा आकडा तयार. बैठकीत मी पहिला आकडा टाकला. व्याही म्हणाले, "बरं."

मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा म्हणाले, "बरं की. तुमी म्हनाल तसं." मी हसलो, चपला घातल्या, दारापर्यंत गेलो. कुणी थांबवलंच नाही! चपला काढून परत येऊन बसावं लागलं. अर्ध्या तासात सगळं माझ्या मनासारखं ठरलं आणि मी घरी आलो तो लुटला गेल्यासारखा. ज्याला हरवायचं तो माणूस कुस्तीला उतरलाच नाही, तर जिंकलो कसं म्हणायचं?

पण माझा खरा राग वेगळाच. आमच्याकडे लग्नात व्याहीभेट असते. वऱ्हाड मांडवाच्या दारात आलं, की दोन्ही बाप पुढे होतात, एकमेकांना नारळ देतात, टॉवेल-टोपी देतात आणि गळ्यात गळा घालतात. सनई वाजते, फोटोवाला "अजून एकदा" म्हणतो. लेकीच्या बापाच्या आयुष्यात हा एक क्षण असा, की अख्खा गाव त्याच्याकडे बघतो. मी त्या क्षणासाठी नवा सदरा शिवला होता. वऱ्हाडाची बस वेळेवर आली, नवरदेव आला, करवल्या आल्या, पण व्याही नाहीत! ते आपल्या विजेच्या मोटारीतून मागून येत होते, आणि वाटेत राहुरीला त्यांच्या एका मावशीच्या घरी गाडी चार्जिंगला लावली असताना तिथली लाईट गेली. नवरदेवाच्या चुलत्यानं त्यांच्या जागी मला मिठी मारली. त्या चुलत्याचं डोकं माझ्या छातीला लागत होतं आणि तोंडात तंबाखू होती. व्याही आले ते मंगलाष्टकं संपताना. हातात वायरचं भेंडोळं, चेहऱ्यावर तेच शांत हसू. म्हणाले, "पाव्हणं, लाईट गेल्ती." बस, एवढंच. तीन वर्षं झाली. त्या सदऱ्याला मी परत हात लावला नाही.

तर ही मोटार. आमच्या भागात अशी गाडी घेणं म्हणजे विहीर नसताना मोट घेण्यासारखं. शिर्डीला हॉटेलांच्या दारात चार्जिंग आहे, नगरला आहे, पण नगर सोडून पूर्वेला निघालात की गाव विरळ, झाडं विरळ आणि चार्जिंग तर नावालाच. व्याह्यांच्या गावाजवळच्या पेट्रोल पंपावर एक यंत्र आणून उभं केलंय, त्याला वर्ष झालं. ते अजून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं आहे. व्याही तिथून जाताना दर वेळी थांबतात आणि आजारी नातेवाइकाची करावी तशी चौकशी करतात. "काय म्हनतंय?" पंपावरचा माणूस सांगतो, "अजून साहेब आले न्हाईत." व्याही कागदावरची धूळ आपल्या उपरण्यानं झटकतात, फाटला असेल तिथं दोरीनं बांधतात आणि पुढे निघतात. मी एकदा म्हणालो, "अहो, तक्रार करा, अर्ज द्या, दोन शब्द सुनवा!" तर म्हणाले, "नवरीला घाई करू नी पाव्हणं. तिचं ती पदर काढंल."

असं असूनही हा गृहस्थ त्या गाडीतून पुण्याला जातो, नाशकाला जातो, एकदा तर पार नांदेडला जाऊन आला. कसा? तर त्यांच्या डोक्यात रस्त्याचा जो नकाशा आहे, त्यात गावं नाहीतच, प्लग आहेत. कुणाचा वेल्डिंगचा कारखाना, कुठली दूध डेअरी, कुणाच्या घरी पाणी तापवायच्या यंत्रासाठी मोठा प्लग बसवलाय, सगळं पाठ. यातून एक मोठा चमत्कार झाला. वीस-वीस वर्षं ज्यांच्या घरी कुणी फिरकलं नव्हतं, असे नातेवाईक त्यांनी हुडकून काढले. राहुरीची मावशी, घोडेगावचा मावसभाऊ, आत्याच्या नणंदेचा मुलगा. वायरचं भेंडोळं एका हातात, डझनभर केळी दुसऱ्या हातात, असे दारात उभे राहतात. आधी तब्येतीची चौकशी, मग मुलाबाळांची, मग म्हशीची, आणि चहा आला की हळूच, "तुमचा मोठा प्लग चालू हाय का?" तीन-चार तास बसायचंच असतं. त्यामुळे भांडणं मिटवतात, मुलींना स्थळं सुचवतात, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेऊन आणतात. राहुरीची मावशी तर आता महिनाअखेर झाली की ओट्यावर येऊन रस्त्याकडे बघत बसते. निघताना विजेचे पैसे घ्या म्हणून हे मागे लागतात, ती घेत नाही. मग हे तिचं पाच किलो दळण गावी घेऊन जातात आणि पुढच्या खेपेला दळून आणतात.

गाडीचा आवाज होत नाही ही त्यांची दुसरी अडचण. गावाकडच्या गाई-म्हशींना मागून मोटार आलेली कळत नाही आणि त्या रस्त्याच्या मधोमध रवंथ करत उभ्या राहतात. हॉर्न वाजवणं व्याह्यांना उद्धटपणा वाटतो. म्हणून त्यांनी विकलेल्या बैलांची घुंगुरमाळ माळ्यावरून काढली आणि गाडीच्या पुढच्या बाजूला बांधली. आता ती महागाची, गुळगुळीत, निळी मोटार खुळखुळ करत येते. म्हशी बाजूला होतात, आणि म्हातारी माणसं डोळ्यांवर हात धरून बघतात की कुणाची बैलगाडी आली.

हे सगळं मी आजवर दुरून हसत, चिडत बघत होतो. त्यांच्या गाडीत बसायचं नाही, हे मी लग्नादिवशीच ठरवलं होतं. पण भाद्रपदात ती वेळ आली.

लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. नात झाली. तीन महिने ती माझ्या मांडीवर होती, आणि खोटं कशाला सांगू, या तीन महिन्यांत मी एकही ट्रॅक्टर नीट विकला नाही. गिऱ्हाईक आकडा सांगायचं आणि माझं लक्ष पाळण्याकडे. आता सासरी न्यायची वेळ झाली. जावई पुण्याला नोकरीत, रजा नाही, म्हणून न्यायला व्याही येणार होते. मी फोनवर म्हणालो, "अजून महिनाभर राहू द्या." ते म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. त्यांच्या आईचं वय नव्वदीकडे झुकलेलं. तिनं पणतीचं तोंड फक्त मोबाईलवर बघितलेलं, ती जेवायला नको म्हणत होती. व्याही म्हणाले, "मी तुमास्नी बरं म्हनलं हाय, मी माघारी घेत न्हाई. तुमीच सांगा काय करायचं." आता या माणसाशी कशी घासाघीस करायची? मी म्हणालो, "या."

आले ते पितृपंधरवड्याच्या आदल्या दिवशी. पंधरवडा लागला की बाळाला पहिल्यांदा सासरी न्यायचं नाही, हे दोन्हीकडे मान्य. आणि आजीबाईंची अट अशी, की तिन्हीसांजेच्या आत पोरीनं उंबरठा ओलांडला पाहिजे. म्हणजे दिवसाउजेडी पोचलो तर ठीक, नाहीतर नगरला माझ्या बहिणीकडे मुक्काम, सकाळी परत संगमनेर, आणि नात पंधरा दिवस माझी!

हा हिशोब माझ्या डोक्यात आला आणि माझ्यातला व्यापारी जागा झाला. मी सकाळपासून खिंडी लढवायला लागलो. आधी जेवणाचा आग्रह केला. मग दुसऱ्यांदा चहा. मग पाळणा. माहेरचा पाळणा द्यायची रीत आहे. तो गाडीत भरला आणि माझ्या लक्षात आलं की पाळण्याची पितळी कडी सापडत नाही. ज्या कडीला पाळणा टांगायचा, तीच नाही! घर धुंडाळलं. बायकोनं डबे उलथेपालथे केले, लेकीनं गाद्या झटकल्या. व्याही ओट्यावर नातीला घेऊन शांत बसले होते. दीड तास गेला. शेवटी मी म्हणालो, "जाऊ द्या, तिकडे नवी घ्या," आणि कडी माझ्या सदऱ्याच्या खिशात आत ढकलून त्यांच्या गाडीत बसलो. पोचवायला बापानं जायचं असतं, म्हणून. शिवाय लक्ष ठेवायलाही.

खुळखुळ करत आम्ही निघालो. पुढे व्याही आणि मी, मागे लेक आणि बाळ, त्यांच्यामागे पाळणा. उतार आला की व्याही खूश व्हायचे. "बघा, उतारावर गाडी चार्जिंग कमावती," असं म्हणून समोरच्या पडद्यावरचा आकडा मला दाखवायचे. नगरला पोचलो तेव्हा तीन वाजले होते आणि तो आकडा चांगलाच खाली आला होता. तिथल्या चार्जिंगला नेमकी लाईट नव्हती. मी मनात गणपतीला हात जोडले. वरवर म्हणालो, "अरेरे!"

व्याही म्हणाले, "घाबरू नका. करंजी घाटाजवळच्या ढाब्यावर हाय एक. तितं आपला नंबर लागल्याला हाय."

"नंबर? कुणी लावला?"

"मीच. सकाळी येता येता."

मला काही कळलं नाही. सव्वाचारला ढाब्यावर पोचलो. चार्जिंगचं यंत्र एकच, समोर एक गाडी लागलेली, तिचं चार्जिंग संपत आलेलं. तिच्या मागे एक लांबलचक पांढरी गाडी आणि गॉगल लावलेला तिचा मालक. आणि या दोन गाड्यांच्या मधे, रस्त्याच्या कडेला, एकटा, ताठ उभा, पिठानं पांढरा झालेला एक पत्र्याचा डबा.

गिरणीत जशी बायका डबे ओळीनं लावून घरी जातात आणि गिरणीवाला पाळीप्रमाणे डबे पुढे सरकवतो, तसा आमच्या व्याह्यांनी सकाळी चार्जिंगला डबा लावला होता! ढाब्याच्या मालकीणबाई जाड भिंगांचा चष्मा सावरत पुढे आल्या. "पाच गाड्या झाल्या सकाळधरनं. दर गाडीमागं डबा फुडं सरकावला म्या," त्या अभिमानानं म्हणाल्या. "एकदा कुत्रं तोंड घालाया लागलं, तर हाकललं. आता तुमचाच नंबर."

गॉगलवाला खाली उतरला. "कसला नंबर? आता माझी गाडी आहे."

मी खाटेवर जाऊन बसलो. मला घाई नव्हती. पांढऱ्या गाडीला तास-सव्वातास, मग आमचा तास, तोवर अंधार. पंधरा दिवस! मी नातीला घेऊन तिच्या टाळूवरून हात फिरवत होतो. पलीकडे लेक एकदा सूर्याकडे बघत होती, एकदा रस्त्याकडे.

"अहो काका," गॉगलवाला व्याह्यांना म्हणाला, "पिठाची गिरणी समजलात का ही? उचला तो डबा आणि व्हा बाजूला. कुठनं कुठनं येतात येडे!"

व्याही म्हणाले, "बरं." आणि वाकून डबा उचलायला लागले.

ते "बरं" माझ्या डोक्यात गेलं. हा माणूस मला "बरं" म्हणतो ते ठीक, मी लेकीचा बाप आहे. माझा तो मान आहे. पण कुठल्याही उपऱ्यानं रस्त्यात उभं राहून माझ्या व्याह्याला येडं म्हणावं आणि त्यालाही ह्यांनी तेच "बरं" द्यावं? त्यांना येडं म्हणायचा हक्क तीन वर्षं राग सांभाळून मी कमावला होता! मी नातीला लेकीच्या हातात दिलं आणि उठलो.

"डबा खाली ठेवा!" मी ओरडलो. व्याह्यांनी दचकून ठेवला. मग मी गॉगलवाल्याकडे वळलो. "किती वाजता आलात?"

"चार वाजता."

"डबा सकाळी सातला आलाय."

"डब्याला कुठं चार्जिंग लागतं? गाडी पाहिजे ना नंबराला!"

"बँकेत टोकन घेऊन तुम्ही चहाला जाता, तेव्हा खुर्चीवर तुमचा पुतळा बसवून जाता का? टोकन तिथं, तसा डबा इथं. बाईंना विचारा. आधीच्या पाच गाड्यावाल्यांनी मानला. तुम्ही काय आभाळातनं पडलात?"

"त्यांना माहीत असेल, मला कुणी सांगितलं?"

"डबा दिसला ना? मग त्याच्या मागं गाडी का लावली? पुढं लावायची होती!"

त्यानं वळून बघितलं. गाडी खरंच डब्याच्या मागेच लावलेली होती. मी हसलो. चपला घातलेल्याच होत्या, म्हणून दोन पावलं दूर गेलो आणि परत फिरलो. "हे बघा, तुमचा चहा आणि भजी माझ्याकडून. आमच्याबरोबर तीन महिन्यांचं बाळ आहे. दिवस मावळायच्या आत तिला तिच्या पणजीकडे पोचवायचंय. म्हातारी जेवायची थांबलीय." हे वाक्य माझ्याच तोंडून आलेलं ऐकून मी चपापलो. गॉगलवाल्यानं गॉगल काढला, लेकीच्या हातातल्या बाळाकडे बघितलं, म्हणाला, "आधी सांगायचं ना राव," आणि भज्यांची ऑर्डर द्यायला गेला.

व्याह्यांनी वायर लावली. लेक माझ्याकडे बघून हसत होती. "आप्पा, तुम्हाला तर उशीरच पाहिजे होता ना?"

"मला? कोण म्हणतं?"

व्याही डब्यावरचं पीठ झटकत होते. मान वर न करता म्हणाले, "पाव्हणं, चाळीस वर्सं गिरनीच्या आवाजात काढली, पर कान शाबूत हायेत. सकाळी तुमी घर हुडकत हिंडत हुता, तवा कडी तुमच्या खिशात वाजत हुती."

मी खिसा दाबला. "मग बोलला का नाहीत?"

"तुमचं मन भरंस्तोवर थांबू म्हनलं. आजाच हायेत तुमी." मग म्हणाले, "आन लग्नात मी तुमास्नी थांबवलं हुतं. ते ध्यानात हाय माज्या."

तीन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा तो विषय काढला. मी खिशातून कडी काढली आणि त्यांच्या हातात दिली. नारळ नव्हता, टॉवेल-टोपी नव्हती. त्यांनी कडी डब्यात टाकली, डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात पसरले. करंजी घाटाच्या त्या ढाब्यावर, भजी खाणाऱ्या गॉगलवाल्यासमोर, मालकीणबाई आणि दोन ट्रकवाल्यांसमोर आमची व्याहीभेट झाली. लेकीनं मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाली, "अजून एकदा." माझ्या सदऱ्यावर पिठाचे दोन पंजे उमटले.

सहाच्या सुमाराला गाव आलं. पंपावरच्या गुंडाळलेल्या यंत्राजवळ त्या दिवशी व्याही पहिल्यांदाच थांबले नाहीत. नुसता हात केला. आजीबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. ऊन भिंतीवरून उतरायच्या आत नातीनं उंबरठा ओलांडला. आजीबाईंनी तिचा वास घेतला आणि म्हणाल्या, "वाढा मला." पाळणा माझ्याच कडीला टांगला गेला.

मी सकाळच्या एस.टी.नं एकटा परत आलो. आता घरात आढ्याला नुसता हूक आहे आणि वारा नसतानाही मला तो हलल्यासारखा वाटतो. परवा व्याह्यांचा फोन होता, पंपावरचं यंत्र सुरू होणार म्हणतात. मी म्हणालो, छान झालं. ते म्हणाले, "व्हय. पर राहुरीच्या मावशीला काय सांगायचं?"

दिवाळीला लेक आणि नात यायच्या आहेत. त्याला अजून अवकाश आहे. मी ओट्याच्या कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा ठेवलाय. बायको रोज झाडताना विचारते, हा कशाला इथं? मी तिला सांगतो, असू दे, नंबर लावलाय.